उभ्याने घर कळत नाही

विसूभाऊ पोंक्षे कोणाच्याही घरी गेले की आधी आडवे पडत. राम राम नाही, पाणी नाही, टेकायला पाट मागणे नाही. काखेतली चटई उलगडायची, पगडी काढून माझ्या हातात द्यायची, उपरण्याची घडी डोक्याखाली घ्यायची, आणि त्या घरातली माणसे जिथे निजतात बरोबर तिथे उताणे व्हायचे. मग वेताच्या बारीक काठीला बांधलेली पतंगाच्या कागदाची पट्टी छातीवर उभी धरायची आणि तिच्याकडे टक लावून बघत राहायचे. पट्टी हलली तर विसूभाऊ स्वतःशीच हसत. नाही हलली तर डोळे मिटून म्हणत, "लिहा नारायणराव, हवा नाही."

नारायणराव म्हणजे मी, म्युनिसिपालिटीचा कारकून. एका हातात त्यांची पगडी, दुसऱ्या हातात बोरू, गुडघ्यावर वही आणि दौत कुठे ठेवावी ही पंचाईत, अशा अवस्थेत मी जवळजवळ दोन वर्षे ठाण्यातली घरे पाहिली. आगगाडी गावात येऊन तेव्हा तीसेक वर्षे झाली होती. मुंबईकडून माणसे यायला लागली होती, वस्ती दाटत चालली होती आणि पावसाळ्यानंतर तापाची साथ दर वर्षी पाहुण्यासारखी येऊन महिनाभर मुक्काम ठोकायला लागली होती. म्युनिसिपालिटीच्या कमिटीने त्यावर पुष्कळ दिवस विचार केला आणि ठराव केला, की गावातली सगळी घरे एकदा तपासावीत. ज्या निजायच्या खोलीला खिडकी नाही तिथे दीड हाताची खिडकी पाडायला लावावी, ओल असेल तिथे जमीन उंच करून घ्यावी, बाजाराजवळच्या गवताच्या छपरांच्या जागी कौले घालावीत. ठराव करून झाल्यावर हे सगळे करणार कोण, असा प्रश्न निघाला. तेव्हा सगळ्यांनी विसूभाऊंकडे पाहिले, कारण त्या वेळी कचेरीत जागे असलेले तेवढे एकच होते.

माणूस चाळिशीचा, उंच, काटकुळा, मूळचा कोकणातला. नौपाड्याच्या बाजूला, गाव संपून शेते सुरू होतात तिथे एकटाच राही. त्यांच्या घराला भिंती कमी आणि खिडक्या जास्त होत्या. उत्तरेला तीन, दक्षिणेला तीन, पूर्वेला दोन, आणि पश्चिमेला खिडकी पाडताना निम्मी भिंतच पडली, ती त्यांनी तशीच राहू दिली. पावसाळ्यात अंथरूण घेऊन ते या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरत. चिमण्या तर सोडाच, एकदा शेजाऱ्याचे वासरू आत येऊन स्वयंपाकघरातले पीठ खाऊन गेले. विसूभाऊ म्हणाले, "हवेशीर घर आहे, कोणालाही यावंसं वाटतं."

आडवे पडण्याचे कारण मी पहिल्याच दिवशी विचारले होते. खिडकी आहे की नाही हे दारात उभे राहूनही दिसते, त्यासाठी लोटांगण कशाला? तर ते म्हणाले, "उभ्याने घर कळत नाही हो. उभ्याने घराचा मालक कळतो." हे वाक्य पुढे मी दिवसातून दहा वेळा ऐकले. कोणी मोठ्या घराचे कौतुक केले तरी तेच आणि कोणी लहान घराला नाव ठेवले तरी तेच.

आणि खरे सांगायचे तर त्यांचे म्हणणे फुकट नव्हते. बाजारपेठेत एक शेटजी होते, कमिटीचे सभासद. त्यांच्या माडीला हंड्या, झुंबरे, बेल्जमचे आरसे. विसूभाऊंनी ते काही पाहिले नाही. घरातली माणसे निजतात कुठे, एवढेच विचारले आणि जिन्याखालच्या कोठडीत, जिथे शेटजींची सून आणि तिची दोन पोरे निजत, तिथे जाऊन पसरले. जागा इतकी आखूड की त्यांचे पाय गुडघ्यापासून बाहेर राहिले. येणारी जाणारी माणसे ते पाय ओलांडून जात होती आणि शेटजी प्रत्येकाला सांगत होते की सरकारी काम चालू आहे. मग विसूभाऊ उठले आणि घोड्याच्या पागेत जाऊन तिथेही निजले. अहवालात त्यांनी मला लिहायला लावले, "घोड्याला खिडक्या दोन, सुनेला एकही नाही." कमिटीपुढे हे वाक्य मोठ्याने वाचले गेले. शेटजींनी त्याच आठवड्यात भिंत फोडली आणि विसूभाऊंना जन्मभर ओळख दिली नाही.

गावाने त्यांचे नाव हवेचे मामलेदार असे ठेवले होते. आमच्या ब्राह्मणआळीत मात्र थट्टेपेक्षा राग जास्त होता. हा माणूस कोळ्याच्या, आगऱ्याच्या, कासाराच्या, कोणाच्याही घरी जाऊन जमिनीला पाठ लावतो, त्याला प्रायश्चित्त द्यावे असे बोलणे निघाले. विसूभाऊ जाब द्यायला हजर झाले तेही चटई घेऊनच. म्हणाले, मी कोणाच्याच घरी निजत नाही, मी माझ्या चटईवर निजतो, आणि चटई माझ्या घरची आहे. शास्त्रीबोवांनी पुष्कळ पोथ्या चाळल्या, पण चटईविषयी कुठे काही सापडेना. तेवढ्यात विसूभाऊंनी शास्त्रीबोवांच्या खोलीचे छत न्याहाळायला सुरुवात केली, तेव्हा सभा आटोपती घेण्यात आली.

मला मात्र प्रायश्चित्त रोज होते. ते द्यायला घरी माझी आत्या होती.

आत्या म्हणजे आमच्या घराची कमिटी, अध्यक्ष आणि शिपाई सगळे एकच. बालपणी विधवा होऊन माहेरी आली, माझे आईबाप गेल्यावर तिने मला वाढवले आणि मी तीस वर्षांचा बाप्या झालो तरी वाढवायचे थांबली नव्हती. कचेरीतून आलो की मागच्या दारी विहिरीवर उभा करून ती मला सचैल स्नान घालायची आणि पाणी ओतता ओतता विचारायची, "आज कोणाकडे निजला होता तुझा मामलेदार?" पावसाळ्यात दोन वेळा आंघोळ करून मला पडसे व्हायचे आणि त्याचा दोषही ती विसूभाऊंच्या हवेलाच द्यायची.

विसूभाऊंना बायको नव्हती. होती, वारली, एवढेच सगळ्यांना ठाऊक होते. ते स्वतः त्या विषयावर बोलत नसत. दुसरे लग्न करावे म्हणून पुष्कळांनी प्रयत्न केले. एकदा कल्याणच्या एका गृहस्थांनी त्यांना मुलगी पाहायला बोलावले, सोबत म्हणून मी गेलो. पोहे झाले, मुलगी येऊन नमस्कार करून गेली. मुलगी खरोखर चांगली होती. विसूभाऊंनी विचारले, ही निजते कुठे? मुलीच्या बापाच्या हातातली सुपारी अडकित्त्यातच राहिली. मी घाईघाईने खुलासा करतो आहे तोवर विसूभाऊ माजघराच्या आतल्या खोलीत चटईवर आडवे झालेही होते. बाहेर येऊन म्हणाले, "मुलगी उत्तम आहे. पण भिंतीला कमरेपर्यंत ओल आहे. लग्नाचं पुढे बघू, आधी हिचं अंथरूण ओटीवर हलवा." असे म्हणून ते निघाले. परतीच्या गाडीत मी त्यांना वेड्यात काढले. ते ठाणे येईपर्यंत कल्याणच्या बाजूला बघत बसले होते.

सगळ्यात मोठा गोंधळ झाला तो मिठागरावरच्या पाड्यात. खाडीच्या अलीकडे, कळव्याच्या समोर, मिठागरात राबणाऱ्या आगरी लोकांची वीसपंचवीस घरे होती. कुडाच्या भिंती, पेंढ्याचे छप्पर, वाकून आत शिरावे असे एकच दार. आम्ही गेलो तेव्हा पाडा ओस होता, सगळे मिठावर. एका घराचे दार नुसते लोटलेले होते. शेजारच्या म्हाताऱ्याला विचारून विसूभाऊ आत शिरले आणि नेहमीप्रमाणे आडवे झाले. आत काळोख, गारवा, बाहेर चैताचे ऊन. पट्टी हलेना. पट्टीकडे बघता बघता विसूभाऊंना झोप लागली. माश्या बसतात म्हणून मी डोक्याखालचे उपरणे मोकळे करून त्यांच्या तोंडावर ओढले आणि बाहेर आंब्याखाली जाऊन बसलो. तेवढीच माझी चूक.

घराची मालकीण बारकीबाय नावाची म्हातारी. ती डोक्यावर टोपली घेऊन मिठावरून आली, वाकून आत गेली आणि तिने पाहिले, की आपल्या घराच्या मधोमध एक लांबलचक बामण तोंडावर पांढरे वस्त्र घेऊन, दक्षिणेकडे पाय करून पडला आहे आणि छातीवर कसलीशी काठी उभी आहे. तिने जी हाक फोडली ती खाडीपलीकडे ऐकू गेली असेल. "बामन मेला रं माझे घरान." पाडाभरची माणसे मीठ टाकून धावत आली. बायांनी रडायला सुरुवात केली, कारण माणूस कोणाचाही असो, मेल्यावर रडायचे असते. दोघे जण बांबू आणायला गेले. त्या गलबल्यात विसूभाऊ जागे झाले, उपरणे बाजूला सारून उठून बसले आणि पहिले वाक्य बोलले ते असे, "लिहा नारायणराव, हवा नाही."

मग जी पळापळ झाली ती मी सांगत नाही. सगळे शांत झाल्यावर बारकीबायने आम्हाला ताडगोळे दिले आणि विसूभाऊंना असे काही फैलावर घेतले की मला बरे वाटले. खिडकी पाडायची तिची अजिबात तयारी नव्हती. ती म्हणाली, "दिसभर आमी वाऱ्यान नि उनान. मिठाचा उजेर डोल्यांना जालतो. घरान आल्यावर तरी वारा नको, उजेर नको. तू दिसभर सावलीन बसतंस, तुला वारा पायजे. तो तुझे घरान ठेव."

विसूभाऊंनी पट्टी खाली ठेवली. दोन वर्षांत मी त्यांना कोणापुढे पट्टी खाली ठेवताना पाहिले नव्हते. मग त्यांनी विचारले, अंगाला वारा लागणार नाही आणि डोळ्यांवर उजेड येणार नाही अशी खिडकी असली तर? बारकीबायने थोडा विचार केला आणि छपराकडे बोट दाखवले. पेंढा जिथे भिंतीला टेकतो त्याच्या खाली, अगदी वर. "वारा डोक्याचे वरशी जाऊं दे, आंगावरशी नको." विसूभाऊंनी तिथल्या तिथे कोयता मागून कुडाला दोन बाजूंनी दोन भोके पाडली आणि पुन्हा आडवे पडले. पट्टी हात ताणून बारकीबायच्या डोक्याच्या उंचीवर धरली तेव्हा हलली, छातीवर धरली तेव्हा हलली नाही. ते इतके खूश झाले की परतताना वाटेत दोनदा थांबून मला म्हणाले, दीड हाताची खिडकी असे ठरावात लिहिले, पण कुठे पाडायची ते कोणालाच ठाऊक नव्हते, ते मिठावरच्या बाईला विचारायला हवे होते. कमिटीने ते मान्य केले आणि पाड्यातल्या सगळ्या घरांना पावसाळ्याआधी वरच्या अंगाला झरोके झाले. जमीन उंच करायला भरावही कमिटीने दिला.

आता माझ्या चोरीकडे येतो.

गावातल्या घरांची यादी माझ्या हातची होती. कोणत्या आळीत कोणते घर, कधी तपासले, कोणाला नोटीस लावली, सगळे त्यात. तळ्याकाठच्या ब्राह्मणआळीची यादी मी मोठ्या सुवाच्य अक्षरात लिहिली होती. अकरावे घर जोशांचे, तेरावे घर कर्व्यांचे. बारावे त्यात नव्हते. बाराव्या घरात आत्या राहत होती, आणि अर्थात मीही.

सबंध गावाला नोटिसा लिहिणारा मी, पण माझ्याच माजघरामागे एक अंधारी खोली होती आणि ती बाळंतिणीची खोली होती. आमच्या घरातल्या तीन पिढ्या तिथे जन्मल्या. तिला वीतभर झरोका होता, तोही आत्याने गोणपाट कोंबून, वरून शेणमातीने लिंपून बंद केला होता. बाळंतिणीला वारा लागू नये. दहा दिवस दार बंद, खाली शेगडी, वर ओवाशेपांची धुरी. सगळ्याच घरी असे असायचे, त्यात आत्याचे वेगळे काही नव्हते.

माझी पत्नी यमुना तेव्हा दुसऱ्यांदा गरोदर होती. पहिले बाळंतपण कल्याणला माहेरी झाले होते, अशाच खोलीत. तो मुलगा सव्वा महिन्याचा होऊन गेला आणि यमुनेचा खोकला सहा महिने राहिला. आता तिची आई नव्हती, म्हणून हे बाळंतपण आमच्याकडे व्हायचे होते. सातवा महिना सरला तसे आत्याने खोली झाडायला घेतली. यमुना त्या दारापुढून जाताना पदर तोंडाला लावायची. मला सगळे दिसत होते. एक दिवस ती एवढेच म्हणाली, "गावभर लोकांच्या खिडक्या उघडता. आपल्या घरी कधी यायचंय?" मी म्हटले, आत्याला विचारून बघतो. मी विचारले नाही. आत्याला विचारण्यापेक्षा मला शेटजींच्या पागेत निजणे सोपे वाटत होते.

वर्षअखेरीला यादी पुरी करताना विसूभाऊंचे बोट अकरावर थांबले आणि तेरावर गेले. त्यांनी विचारले, मधले घर कुठे गेले? मी म्हणालो, नजरचुकीने राहिले असेल. तिथे कोण राहते, असे त्यांनी विचारल्यावर मला सांगावेच लागले. मला वाटले आता रागावतील. ते रागावले नाहीत. घरात कोणी बाळंतीण आहे का, एवढेच विचारले. दोन महिन्यांनी होईल, असे मी म्हणताच त्यांनी चटई उचलली.

आत्याने त्यांना ओटीवरच अडवले. ते तीन दिवस रोज आले आणि पहिले दोन दिवस तिने त्यांना परत पाठवले. पहिल्या दिवशी म्हणाली, पुरुषाचे तिथे काम नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, मी अठरा बाळंतपणे केली आहेत, तुम्ही किती केलीत? विसूभाऊंनी एकही नाही असे प्रामाणिकपणे सांगितले आणि गेले. खरे तर नोटीस लावली असती तर काम झाले असते. मी तसे सुचवलेही. ते म्हणाले, नोटिशीने भिंत फुटते, पण आपण पाठ फिरवली की बाई पुन्हा गोणपाट कोंबते.

तिसऱ्या दिवशी आत्यालाच वैताग आला. ती म्हणाली, "असं करा पोंक्षे. तुम्हाला निजायचंच आहे ना? निजा. पण बाळंतीण निजते तसं. दार लावीन, शेगडी ठेवीन, धुरी घालीन. माझ्या घरच्या मुली दहा दिवस निजतात, तुम्ही घटकाभर निजून दाखवा. मग मला खिडकीचं सांगा."

मला वाटले विसूभाऊ हसून वेळ मारून नेतील. ते हसले नाहीत.  त्यांनी पगडी माझ्याकडे दिली, चटई मात्र घेतली नाही, पट्टीही घेतली नाही. आत जाऊन बाळंतिणीच्या बाजेवर उताणे झाले. आत्याने शेगडी आत सारली, धुरी टाकली, दार लावून घेतले आणि दाराबाहेर पाय पसरून वाती वळत बसली. यमुना स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. मी कुठे उभे राहावे ते मला कळत नव्हते.

पाव घटका गेली असेल. आतून खोकला आला, मग थांबला. आत्या वाती वळत होती. मग आतून दारावर अगदी हलके टकटक झाली. आत्या विजयाने माझ्याकडे बघून म्हणाली, "झाली का घटका?" आणि तिने दार उघडले.

विसूभाऊ उंबऱ्यातच बसले. डोळे लाल, गालावर पाणी. धुराने कोणाचेही येईल. आत्याने पाण्याचा तांब्या पुढे केला, तो त्यांनी हातात नुसता धरून ठेवला. मग ते बोलले ते तिच्याशी नव्हते, माझ्याशी नव्हते, शेगडीकडे बघून बोलत होते.

"अशीच खोली होती. झरोका मीच बुजवला. आई म्हणाली वारा लागेल, म्हणून माझं जुनं धोतर फाडून बोळे केले आणि एक फट ठेवली नाही. सातव्या दिवशी ती दाराआडून म्हणाली, एवढीशी फट ठेवा हो, जीव घुसमटतो. मी बाहेर उभा होतो. म्हटलं, तीन दिवस राहिले, काढ कसेतरी. उभ्याने काय कळणार मला."

  तांब्या खाली ठेवून, पगडी घेऊन ते गेले. चटई ओटीवर राहिली ती तशीच राहिली.

आत्या त्या दिवशी जेवली नाही. मला आंघोळही घातली नाही. दुसऱ्या दिवशी कचेरीतून आलो तर मागच्या बाजूने ठोकाठोक ऐकू आली. जाऊन बघतो तो आत्या शिडीवर चढलेली, पदर खोचलेला, हातात नारळ सोलायचा कोयता, आणि शेणमातीची ढेकळे खाली पडताहेत. गोणपाट ओढून काढता काढता ती मला म्हणाली, "बघत काय उभा राहिलास? त्याला बोलाव. ती मिठावरची बाई कुठे पाड म्हणाली होती, ते मला नीट दाखवू दे."

झरोका वाढवून छपरालगत एका भिंतीला दीड हाताची खिडकी झाली आणि समोरच्या भिंतीला दुसरी. काम चालले असताना आत्या आणि विसूभाऊ गवंड्याला एकाच वेळी दोन उलट गोष्टी सांगत होते आणि दोघांनाही त्यात फार आनंद वाटत होता. शेगडी आत्याने सोडली नाही, पण ती दाराशी सरकवली. धुरी दोन वेळच घालायची असे उभयपक्षी ठरले. यादीत मी बारावे घर लिहिले आणि पुढे शेरा लिहिला, हवा आहे. माझ्या चोरीबद्दल विसूभाऊ पुढे एक अक्षर बोलले नाहीत, याची मला अजून लाज वाटते.

आम्हाला मुलगी झाली. यमुना बाराव्या दिवशी त्या खोलीतून बाहेर आली ती चांगली चालत आली, खोकली नाही. बारशाला विसूभाऊ आले. बायकांचा समारंभ, म्हणून ते ओटीवर अवघडून बसले होते. पाळण्याची गाणी झाली, घुगऱ्या वाटल्या, बायका गेल्या, मग आत्याने त्यांना आत बोलावले. पाळणा त्याच खोलीत टांगला होता. ते पाळण्यापाशी गेले, पण आत डोकावून बघितलेच नाही. सवयीने हात काखेत गेला, चटई नव्हती. ते तसेच सारवलेल्या जमिनीवर पाळण्याखाली आडवे झाले आणि पट्टीची काठी वर धरली.

पट्टी हलली. विसूभाऊ हसले. मग तसेच पडून राहिले, पुष्कळ वेळ, उठेचनात. मी त्यांना हाक मारायला पुढे झालो, तर आत्याने मला मागे ओढले. ज्या माणसाच्या नुसत्या सोबतीने मला दोन वर्षे विहिरीवर न्हायला लागले होते, त्याच्या डोक्याखाली तिने वाकून स्वतःची उशी सरकवली आणि म्हणाली, "निज रे विसू. इथे कोणी फट बुजवत नाही."

जाताना त्यांनी काठीची पट्टी सोडली आणि पाळण्यावरच्या लाकडी चिमण्यांमध्ये बांधली. पोरगी पहिल्यांदा कशाकडे टक लावून बघायला लागली असेल तर त्या पट्टीकडे. पुढे घरे तपासायला निघाले की मी म्हणायचो, विसूभाऊ, नवी पट्टी करून घ्या, काठीला काही नाही. ते म्हणायचे, राहू द्या, एक कामावर आहे.